फलाटावरची मथू

निकते खुर्चीत टेकले, पेल्यातलं अर्धं पाणी प्यायले, एकदा छताकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शेवटची शंभर पानं काही पटली नाहीत मला."

ह्यांना जाऊन तिसरा दिवस होता. सकाळी मंडळी सावडून आली होती. दारात चपलांचा ढीग पडलेला, आणि मी भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसलेले. निकते पोस्टात होते. भेटायला आलेल्या माणसाने काय बोलायचं असतं ते त्यांना सुचेना. नजर फिरत फिरत रेडिओच्या टेबलावर गेली, तिथे ती जाड निळी कादंबरी दिसली आणि बुडत्याला काडीचा आधार मिळाला.

"पुढचं सांगू नका," मी म्हटलं.

तीन दिवसांत माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं धड वाक्य. निकते थोड्या वेळाने उठले, सवयीने 'येतो' म्हणणार होते, पण सुतकाच्या घरातून निघताना तसं म्हणायचं नसतं हे आठवलं आणि तसेच मुकाट्याने चपला शोधायला लागले.

माझ्या थोरल्या नणंदबाई, सुभद्राक्का, बार्शीहून आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्या सगळं ऐकत होत्या.

"धन्य हाय तुझी, मालन," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ गेला. तुझ्या डोळ्यात टिपूस न्हाई, आन् पुस्तकाचं बोलतीस."

खरंच नव्हतं टिपूस. मी तरी काय करू? ह्यांचं झालं ते मंडईत. सकाळी पिशवी घेऊन गेले, मेथीची जुडी हातात घेतली, खाली बसले आणि बसले ते बसलेच. भाजीवालीने पिशवी घरी पोचती केली. घरात माणसं जमत होती, कुणी फोन लावत होतं, कुणी गोवऱ्यांची चौकशी करत होतं, आणि मी स्वयंपाकघरात बसून ती मेथी निवडली. निवडून, धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवली. मला कुणी सांगितलं नाही आणि कुणी थांबवलंही नाही. पायाला मुंग्या आल्या की पाय आपला वाटत नाही ना, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं. चिमटा काढला असता तरी कळलं नसतं.

अक्कांनी मात्र चंग बांधला होता. बाई रडली नाही तर दुःख छातीत बसतं, हे त्यांचं ठाम मत. गल्लीतल्या बायकांना त्या माझ्यासमोर आणून बसवत. एकीने गळ्यात पडून हंबरडा फोडला, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरीने ह्यांचं लग्नातलं रूप आठवून सांगितलं, ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. शेवटी अक्कांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. हे रेल्वेत गार्ड होते. प्रल्हाद लोकरे म्हटलं तर कुर्डुवाडीत कुणी ओळखणार नाही, लोकरे गार्ड म्हटलं की पोरटोरही घर दाखवील. ट्रंकेतून पांढरा कोट निघाला, शिट्टी निघाली, काठीला गुंडाळलेली लाल झेंडी आणि हिरवी झेंडी निघाली. अक्कांनी सगळं झाकणावर मांडलं, माझ्या डोळ्यांसमोर.

"बघ. बघ की गं, काय दिसतंय?"

मी बघितलं. कोटाला कसर लागली होती.

"डांबराच्या गोळ्या ठेवायला पाहिजे होत्या," मी म्हटलं.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "पोटी एखादं लेकरू असतं तर त्याच्या तोंडाकडं बघून तरी रडली असतीस," त्या म्हणाल्या. लागेल असं बोलल्या होत्या, पण लागलं नाही. आम्हाला मूलबाळ नाही. अग्नी अक्कांच्या मुलाने दिला.

आता त्या पुस्तकाचं सांगते. नाव सांगत नाही. ज्याला वाचायचंय तो शोधून वाचेल, मी काही त्याची भलामण करणार नाही. वीसेक वर्षांपूर्वी ते निघालं तेव्हा आमच्या गावात सगळीकडे त्याचंच चाललं होतं. वाचनालयात प्रत एक आणि नंबर लावलेले वीसपंचवीस. दाढीच्या दुकानात तेच, दवाखान्याच्या बाकावर तेच. धरणात गाव जातं, त्या गावातली ती गोष्ट. कुणी म्हणायचं, असं पुस्तक पुन्हा होणे नाही. कुणी म्हणायचं, ह्या लेखकाला चार दिवस भर उन्हात धरणाच्या भिंतीवर उभा करा, मग लिहू दे. न वाचलेली माणसं तर जास्तच जोरात बोलायची. आमचा नंबर उन्हाळ्यात लागला.

आमच्या घरी पुस्तक वाचायची एक रीत होती. दिवे लागले की हे खुर्चीत बसून मोठ्याने वाचायचे आणि मी खाली वाकळ शिवत ऐकायची. मला वाचता येतं, मी चौथी पास आहे, पण हात मोकळे ठेवून बसणं मला जमत नाही. आणि ह्यांचा आवाज चांगला होता. एक करार होता आमचा, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा. एकट्याने पुढचं वाचायचं नाही. दुसऱ्याला सोडून पुढे जायचं नाही. मी कधी गेले नाही. पुस्तक दिवसभर टेबलावर असायचं, मी त्याच्यावरची धूळ पुसायची, पण उघडायची नाही.

त्या कादंबरीत एक पोरगी होती, मथू. करडं राखायची. तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायची. पहिल्याच संध्याकाळी ती मला आवडली. सुई थांबवून मी म्हटलं, "ही पोरगी मोठी द्वाड दिसतीय." हे म्हणाले, "तुझ्यासारखी." झालं, तेव्हापासून दिवे लागायच्या आधीच मी विचारायची, आज मथूचं काय? हे म्हणायचे, बघू, बाईसाहेब उठल्यात का. घरात तिसरं माणूस असल्यासारखं आम्ही तिच्याबद्दल बोलायचो.

मथू ओढा ओलांडून आली. मथू शाळेत जायला लागली. बापाने धरणग्रस्तांच्या वस्तीत झोपडं बांधलं, तिथून ती दोन कोस चालत जायची. मग सायकल शिकली, गुडघे फोडून घेतले. मॅट्रिकला बसली आणि पास झाली, त्या दिवशी मी ह्यांना साखर दिली हातावर. एकदा ती तालुक्याच्या गावाला जायला निघाली आणि गाडी चुकली, तर एका मालगाडीच्या गार्डाने तिला आपल्या डब्यात घेतलं. तो डबा कसा हेलकावे खातो, कंदील कुठे टांगतात, ब्रेकचं चाक किती जड असतं, सगळं इतकं बारीक लिहिलं होतं की मी म्हटलं, "लेखकाला हे कसं ठाऊक?" हे म्हणाले, "लेखक लोक चौकशा करतात गं." आणि पान उलटलं.

ह्यांनी ते पुस्तक दोन महिने सोडलं नाही. मुदत संपली की वाढवून आणायचे. पुढचा नंबर होता वाघमोड्यांचा. वाघमोडे ड्रायव्हर. ह्यांच्याच गाडीवर होते, कितीतरी वर्षं. ते पुढच्या टोकाला इंजिनात, हे मागच्या टोकाला शेवटच्या डब्यात. दोघं मिळूनच निवृत्त झाले म्हणा ना. वाघमोडे सगळ्या गावाला सांगत फिरायचे, "गार्ड असून गाडी सोडंना हा माणूस. अडवून बसलाय." हे नुसते हसायचे.

हे मंडईत गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मथूला पुण्याला नर्सिंगला जागा मिळाली होती. आईने मेथीचे धपाटे बांधून दिले. अंगाखाली घ्यायला वाकळ दिली, निळ्या काठाची. मी माझ्या हातातल्या वाकळेकडे बघितलं, तिलाही निळाच काठ होता. मथू फलाटावर उभी राहिली. एका हातात ट्रंक, खांद्यावर वाकळ, धपाट्यांचं पुडकं. ह्यांनी पुस्तक मिटलं.

"गाडी तरी येऊ द्या," मी म्हटलं.

"गाडी लेट आहे," म्हणाले. "उद्या बसवू."

सकाळी उठल्यावर म्हणाले, "धपाट्यांची फार आठवण झाली रात्री. करतेस का? मेथी घेऊन येतो."

एवढंच. म्हणून निकत्यांना मी म्हटलं, पुढचं सांगू नका. मला रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कोण आलं कोण गेलं ते संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नव्हतं. पण मथू फलाटावर उभी आहे एवढं मात्र सारखं डोक्यात होतं. जेवताना मनात यायचं, ती तिथे उभी आहे. पाठ टेकली की मनात यायचं. जगात मला एवढी एकच गोष्ट हवी होती, तिची गाडी यावी. आणि ती मी एकटीने उघडून वाचायची नव्हती. करार मोडायला दोघं लागतात.

वाघमोडे रोज यायचे. दारातल्या खुर्चीत अंग चोरून बसायचे. त्यांचे डोळे मात्र अधूनमधून रेडिओच्या टेबलाकडे जायचे आणि गेले की त्यांनाच लाज वाटून परत यायचे. मी ते बघितलं होतं. एकदा मीच म्हटलं, "अक्का, पुस्तक त्यांना द्यायचंय. त्यांचा नंबर आहे."

"सुतकात घरातली वस्तू भायेर जात न्हाई," अक्का म्हणाल्या. "तेराव्यापातुर काय न्यायचं न्हाई."

"न्यायाचं कुठं म्हणलो मी," वाघमोडे म्हणाले. आणि कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत खाली बघत बसले.

शेटे बाई आल्या त्या पाचव्या दिवशी. शाळेत भूगोल शिकवायच्या. त्या आल्या की सगळं घर सरळ बसायचं, अक्कासुद्धा. हातात हात घेतला, दोन शब्द बरे बोलल्या, चहाला नको म्हणाल्या. मग त्यांनाही ते पुस्तक दिसलं.

"लोकरे पण वाचत होते का? मला विचाराल तर त्या माणसाला लिहिता येतं, पण काळीज नाही. मी तर मथू गेली तिथेच मिटून टाकलं. दुसऱ्या दिवशी नेऊन परत केलं. एवढी गोड पोर, मध्यावरच मारून टाकली, मग पुढे वाचायचं कुणासाठी?"

"कुठली पोर?" मी विचारलं.

"मथू. दुसरी कोण आहे त्यात?"

"मथू मॅट्रिक झाली," मी म्हटलं. "पुण्याला निघालीय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग अक्कांकडे बघितलं. माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी हळूच थोपटला.

"कोण मथू?" अक्कांनी विचारलं. "कुणाची पोर?"

"पुस्तकातली," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "धक्का बसलाय त्यांना. झोपेचं औषध वगैरे काही देताय का?"

त्या गेल्यावर अक्कांनी माझी दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या तडतडल्या, त्यांचा वास घरभर झाला. मी त्यांना काढू दिली. मला वाटलं, बाईंचं काहीतरी चुकलंय. भूगोलाच्या बाई, गोष्टीतलं त्यांना काय कळणार. घाईघाईने वाचलं असेल, दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातली पोरगी असेल. तरी मन काही स्वस्थ बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला सांगितलं, पोस्टातल्या निकत्यांना बोलावून आण.

निकते आले ते खुर्चीच्या टोकावरच बसले. कशाला बोलावलंय ते त्यांना कळेना.

"पहिल्यांदा तुम्ही वाचलंत," मी म्हटलं. "मथूचं काय होतं?"

"तुम्हीच म्हणालात ना वहिनी, पुढचं सांगू नका."

"आता सांगा."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ओढ्याला पूर येतो. ती करडू आणायला जाते. आणि..." पुढे नुसती मान हलवली.

"मॅट्रिक?"

"मॅट्रिक नाही वहिनी. तिसरीत असते ती."

"सायकल?"

"सायकल नाही कुठे."

"आणि मालगाडीचा डबा? गार्डाचा?"

"त्या पुस्तकात रेल्वेच नाही हो," निकते म्हणाले. फार वाईट वाटल्यासारखं म्हणाले. "शेवटची शंभर पानं नुसता बाप आहे. तिच्यामागे वेडा झालेला. म्हणून तर मी म्हटलं, पटली नाहीत."

मी बरं म्हटलं. निकते गेले. दुपारचं जेवण झालं. भात होता, वरण होतं. अक्का आणि भाचा आत हळू आवाजात बोलत होते, सोलापूरला कुणा डॉक्टरला दाखवायचं म्हणून. मी ऐकत होते, पण ते दुसऱ्या कुणाबद्दल असल्यासारखं. मग वाघमोडे आले आणि नेहमीच्या खुर्चीत बसले.

"पुस्तक इथेच बसून वाचता येईल," मी म्हटलं. "बाहेर न्यायचं नाही एवढंच. मोठ्याने वाचा, मला ऐकायचंय."

वाघमोड्यांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांनी मान उडवली, काय वाट्टेल ते करा म्हणून. त्यांनी चष्मा लावला, धोतराला हात पुसले आणि पुस्तक उचललं.

"पहिल्यापासनं?"

"खूण आहे तिथून."

खूण म्हणजे एक पुठ्ठ्याचं जुनं तिकीट. छोट्या लाईनीचं, लाईनच राहिली नाही आता. हे रोज वाचून झालं की ते तिकीट आत घालून मिटायचे. वाघमोड्यांनी त्या जागी पुस्तक उघडलं, तिकीट खिशात ठेवायला गेले, मग भानावर येऊन खुर्चीच्या हातावर ठेवलं. पुस्तकाचा अर्धा भाग पण झाला नव्हता. डाव्या हाताला पानं थोडी, उजव्या हाताला ढीग.

त्यांचा आवाज इंजिनावरचा, साध्या बोलण्यालाही ओरडण्यासारखा. शब्द सुटे सुटे करत वाचायला लागले. "मथूने परकर गुडघ्याच्या वर खोचला. पलीकडे करडू ओरडत होतं. तिने एकदा मागे बघितलं आणि पाण्यात पाय घातला."

"थांबा," मी म्हटलं.

हे वाक्य मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात, वळवाचा पाऊस पडून गेला होता त्या संध्याकाळी ऐकलं होतं. पाण्यात पाय घातला, आणि हे थांबले होते. उठून माठातलं पाणी प्यायले होते. डोळे चुरचुरतात म्हणाले, आज एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपेतून उठले तर हे पुस्तक घेऊन बसलेले दिसले. मी म्हटलं, करार मोडताय का? म्हणाले, छे, कालचंच पान बघत होतो. आणि त्या संध्याकाळी मथू करडू खांद्यावर घेऊन पलीकडच्या काठाला चढली.

"वाचा पुढे," मी म्हटलं.

वाघमोडे वाचत गेले. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. त्यांचा आवाज हळूहळू खाली आला, इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. एका जागी थांबले. "वहिनी, हितनं म्होरं नको."

"वाचा."

त्यांनी वाचलं. करडू काठाला लागलं. मथू लागली नाही.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. मी विचारलं, "तिकीट ह्याच पानात होतं?"

"ह्याच पानात. आत्ता माझ्या हातानं काढलं न्हवं का."

म्हणजे दोन महिने ते तिकीट तिथून हललंच नव्हतं. रोज ते पुस्तक उघडायचे, मांडीवर धरायचे, पानं उलटायचे, आणि झालं की तिकीट परत त्याच पानात. सायकल त्यांची होती. मॅट्रिक त्यांचं. तो गार्डाचा डबा तर काय, मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

मला आधी राग आला. सहा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि तो राग होता. खोटारडा माणूस. करार मोडला, माझ्या पुढे जाऊन वाचून आला, आणि दोन महिने माझ्यासमोर बसून नाटक केलं. समोर असते तर मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. ते समोर नव्हते, म्हणून मी वाघमोड्यांनाच सुनावलं. काय काय वाचून दाखवलं ते सगळं सांगितलं, एकेक करून. झोपडं, दोन कोसाची शाळा, फुटलेले गुडघे, हातावर ठेवलेली साखर. इतकं सलग मी कधी कुणाशी बोलले नव्हते. वाघमोडे हसले नाहीत. अक्कांकडे बघितलं नाही. मन लावून ऐकत होते, मध्येच एकदा म्हणाले, "गार्डाच्या डब्यात बसवली? ते नियमात न्हाई."

"गार्डाने घेतलं बसवून."

"नाव काय त्या गार्डाचं?"

"नाव नव्हतं सांगितलं."

"लोकऱ्या," वाघमोडे म्हणाले. "दुसरा कोण नियम मोडतोय. एकदा बाळंतीण बसविली होती डब्यात, मेमो आला होता त्याला." चष्मा काढून त्यांनी धोतराला पुसला, परत लावला. "बरं, मग पोरगी आता हाय कुठं?"

"फलाटावर."

"कवापासनं?"

"हे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळपासून. हे म्हणाले गाडी लेट आहे, उद्या बसवू."

"एकटीच उभी हाय?"

"एकटीच."

वाघमोडे अस्वस्थ झाले. खुर्चीत सरकून बसले. पुस्तक त्यांनी मिटलं आणि टेबलावर ठेवलं, परत बघितलंही नाही त्याच्याकडे, ज्याच्यासाठी दोन महिने गावभर कुरकुर केली ते पुस्तक. "कुठली गाडी?" त्यांनी विचारलं.

"पुण्याची पॅसेंजर."

"ती रोजच लेट असती. पर येती." त्यांनी उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि मान जरा बाहेर काढून दाराकडे बघायला लागले, इंजिनातून बघायचे तशी. "सिग्नल दिलाय. आली बघा. हळूहळू घेतोय, पोरीच्या अंगावर धूर नको." थोडा वेळ गेला. "लागली फलाटाला. बसवा तिला."

अक्का म्हणाल्या, "अवं वाघमोडे," आणि मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, गप्प बसल्या.

"बसली," मी म्हटलं.

"सामान?"

"ट्रंक बाकाखाली. वाकळ मांडीवर."

"खिडकी घावली?"

"घावली."

"मग झालं," वाघमोडे म्हणाले. त्यांचा हात खुर्चीवर तसाच होता. "झेंडी दाखवा. मागनं गार्डाची झेंडी आल्याबिगर मला गाडी हलवता येत न्हाई."

"झेंडी कोण दाखवणार?" मी म्हटलं.

एवढं म्हटलं आणि माझा आवाज फाटला. मी सतरंजीवर आडवी झाले आणि रडले. लाज नाही, शरम नाही, गुरासारखी ओरडून रडले. ते मंडईत जमिनीवर बसले होते, एकटे, हातात जुडी घेऊन, आणि मी घरी पीठ मळायला परात काढत होते. ते मला दिसलं, इतके दिवस दिसलं नव्हतं. दोन महिने रोज संध्याकाळी माझ्यासाठी एक पोरगी जिवंत ठेवली ह्या माणसाने, आणि मला चकार शब्दाने सांगितलं नाही.

अक्का धावत आल्या. माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. त्याही रडत होत्या आणि रडता रडता आतल्या बायकांना सांगत होत्या, "रडली, रडली एकदाची. चहा टाका गं, साखर जास्त घाला." पुढे कितीतरी दिवस त्या सगळ्यांना सांगायच्या की वाघमोड्याने कसलं तरी पुस्तक वाचून माझ्या भावजयीला रडवली. कसलं ते त्यांना कधी कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

किती वेळ गेला कळलं नाही. कुणीतरी पाणी आणलं, ते मी प्यायले. उठून बसले तर वाघमोडे अजून तसेच होते. खुर्चीत ताठ, मान वळवून मागे बघत, माझ्याकडे. चेहरा ओला होता, पण हात जागचा हलवला नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "गाडीला उशीर व्हायलाय."

मी पदराने तोंड पुसलं. अक्कांनी मांडलेल्या झेंड्या ट्रंकेच्या झाकणावर तशाच होत्या. मी हात लांब करून हिरवी उचलली आणि मांडीवर घेतली.

"सोडा," मी म्हटलं.